दीर्घांकाची तिसरी नोंद: लाल रेषा

मागील नोंदीत आमच्या विज्ञाननाट्याची दुसरी संहिता पूर्ण झाल्याचे कळवले होते. ती आता बाद झाली असून त्याला कारण उंदीर आहेत.

कथेचा सांगाडा ययाती-पुरूचा आहे. फरक इतकाच, की येथे बापाच्या जागी बहात्तर वर्षांची आई आहे, ती तारुण्य मागत नाही, तर तिला गमावण्याच्या भीतीने तिचा पंचेचाळिशीतला मुलगा स्वतःहून रक्त देऊ करतो, आणि हे सारे 2070 सालच्या नागपुरातील धंतोलीच्या एका दवाखान्यात घडते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात म्हाताऱ्या व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडले असता म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंची झीज भरून निघण्याची क्षमता सुधारली होती. आमची संहिता त्यावरच उभी होती. परंतु 2016 मध्ये शस्त्रक्रियेने न जोडता केवळ रक्ताची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा तरुण रक्तापासून म्हाताऱ्या उंदरांना झालेल्या लाभापेक्षा म्हाताऱ्या रक्ताने तरुण उंदरांचे केलेले नुकसान अधिक ठळक दिसले. हे वाचल्यावर आई तरुण होण्याचा कळसाचा प्रसंग मला खोटा वाटू लागला. नव्या संहितेत तिचे तरुण होणे अर्धवट राहते आणि नाटक मुलाच्या चेहऱ्यावर सरकते.

त्यामुळे तो चेहरा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर म्हातारा होणे आवश्यक झाले. आधी द्रवरूप लॅटेक्स वापरून पाहिले. त्वचा ताणून धरायची, स्पंजने पातळ थर द्यायचा आणि तो वाळल्यावर त्वचा सोडायची, म्हणजे सुरकुत्या पडतात. नागपूरच्या जूनमध्ये मात्र कूलर लावला तर दमट हवेत थर वाळत नाही, आणि बंद केला तर घामाने ओठांच्या कडेपासून सुटू लागतो. शिवाय प्रेक्षकांसमोर हे करता येणार नाही, हे आम्हाला आधीच सुचायला हवे होते.

मग एका ज्येष्ठ रंगभूषाकारांनी जुनी युक्ती सांगितली, जी 1931 च्या एका कृष्णधवल हॉलिवूडपटात कॅमेऱ्यासमोरच्या रूपांतरासाठी वापरली गेली होती. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. लाल प्रकाशात त्या आणि त्वचा जवळजवळ सारख्याच उजळतात, म्हणून रेषा दिसत नाहीत. प्रकाश हिरवट निळा केला की लाल रंग तो शोषून घेतो आणि त्याच रेषा काळ्या होऊन उठतात. चित्रपटाला रंग नसल्याने दिव्यांतला बदल तेथे लपला. रंगमंचावर तो उघड दिसणार, म्हणून रक्त बदलणाऱ्या यंत्राचाच प्रकाश तसा आहे असे संहितेत लिहून टाकले.

भाड्याने आणलेल्या दोन एलईडी पारवर (रंग बदलता येणाऱ्या रंगमंचाच्या दिव्यांवर) गेल्या रविवारी चाचणी घेतली. मुलगा लालातून निळसर हिरव्यात जातो आणि त्याच वेळी आईवरचा प्रकाश उलट दिशेने बदलतो, त्यामुळे एकाच्या रेषा उमटत असताना दुसरीच्या पुसट होतात. हे पहिल्यांदा जमले तेव्हा विंगेतला प्रॉम्प्टर पुढचे वाक्य द्यायचे विसरला. अडचण अंतराची आहे. दोन्ही खाटा जवळ असल्या की प्रकाश एकमेकांत मिसळून पांढरट होतो आणि दोघांच्याही तोंडावर नुसते लाल ओरखडे दिसतात. खाटा सहा फूट दूर नेल्यावर हे थांबले, पण आईने मुलाचा हात धरण्याची जागा गेली. सध्या तिथे फक्त रक्ताची नळी आहे, आणि मला ती हातापेक्षा बरी वाटते. गव्हाळ त्वचेवर नेमकी कोणती लाल छटा चालते, हे मात्र प्रत्येक नटावर वेगळे तपासावे लागत आहे. मुलाला विटकरीकडे झुकणारी छटा मुळीच चालली नाही.

चाचणीनंतर मुलाचे काम करणारा नट तोंड न धुताच टपरीवर गेला, तेव्हा ट्यूबलाइटखाली त्याला पाहून चहावाल्याने विचारले, ‘‘भाऊ, मांजरीनं ओरबाडलं का?’’ प्रश्न रास्त होता, कारण पांढऱ्या प्रकाशात त्या रेषा तशाच दिसतात. म्हणजे आधीचे प्रवेश साध्या प्रकाशात असल्याने त्या उपचाराच्या प्रवेशाच्या तोंडावरच काढाव्या लागतील. त्या आधी मुलगा चार मिनिटे विंगेत असतो आणि रेषांना सहा लागतात. पुढच्या तालमीपर्यंत परिचारिकेचे स्वगत दोन मिनिटांनी वाढवून लिहायचे आहे.