केबल काढलीत म्हणे?

"केबल काढलीत म्हणे तुम्ही? मग सगळं लाइव्ह दिसतं का? आणि स्वस्त पडतं का?"

हे तीन प्रश्न, याच क्रमाने. मुलुंड पूर्वेच्या रिक्षाच्या रांगेत, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहा येईपर्यंतच्या वेळात. विचारणारे बहुतेक पन्नाशीपुढचे. त्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात असतात, दिवाळीत येऊन "बाबा, केबल कशाला भरता अजून?" असं बोलून परत जातात, आणि मग उत्तर शोधायची जबाबदारी माझ्यावर येते. दर वेळी मी "हो, काढली, आता नेटवर अ‍ॅपमधूनच टीव्ही बघतो" म्हणून सुटते. ते अर्धंच उत्तर आहे. पूर्ण उत्तर लांबलचक आहे, रिक्षा येईपर्यंत संपत नाही.

आधी पैशाचं, कारण खरा प्रश्न तोच असतो.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे फोन आणि टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले ते आठवत असेल. तेव्हा पहिल्या शंभर चॅनलचे १३० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसते टीव्ही लागतो याचे. पैसे भरायच्या चॅनलचं वेगळं. एचडी चॅनल दोन धरायचं. केबलवाल्याचा पोरगा झेरॉक्स काढलेला चार पानी तक्ता घेऊन आला होता. सासूबाईंनी चष्मा लावून, मराठी शाळेतल्या बाई पेपर तपासतात तशा, लाल पेनाने खुणा केल्या. "जे बघायचं त्याचेच पैसे" असं सरकारी म्हणणं होतं. आमचं बिल मात्र तीनशेवरून तीनशेऐंशीवर गेलं, कारण जे बघायचं ते नेमकं महागाचं होतं.

तीनशेऐंशी गुणिले बारा, चार हजार पाचशेसाठ. आता तीन अ‍ॅप मिळून वर्षाला साडेतीन हजाराच्या आतबाहेर जातात. नेटचं बिल यात धरत नाही, कारण ते २०२० पासून, घरून काम सुरू झालं तेव्हापासून, तसंही भरतोच आहोत. तर बचत महिन्याला नव्वदेक रुपये. चार वडापाव. ज्यांच्या घरी नेट नाही आणि फक्त टीव्हीसाठी घ्यायचंय, त्यांनी हा हिशेब करूच नये, केबलच ठेवावी. आणि ज्यांना सह्याद्री आणि बातम्या एवढंच पुरतं, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. आमच्याकडे ते जमलं नाही, कारण गच्चीवर छत्री लावायची म्हटलं की सेक्रेटरींना वॉटरप्रूफिंग आठवतं.

मग केबल काढली कशाला? रागाने काढली, खरं सांगायचं तर. फेब्रुवारी २०२३ मध्ये दरांवरून मोठ्या वाहिन्या आणि केबल कंपन्या यांचं भांडण जुंपलं आणि देशभर पुष्कळ घरांत ऐन संध्याकाळच्या मालिका काही दिवस बंद पडल्या. आमच्याही. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी सूचना, आणि समोर आमच्या सासूबाई. पाठोपाठ त्या वर्षीची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दाखवायला लागले. नवऱ्याने हिशेब मांडला, मी केबलवाल्याला फोन केला.

"वहिनी, काढा की," तो म्हणाला. "नेट आपलंच आहे ना तुमच्याकडे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं ज्याला मी "इंटरनेटवाला" म्हणत होते तो केबलवालाच होता. त्याच खिडकीतून, त्याच ग्रिलवरून, जाड काळ्या वायरीशेजारी दुसरी बारीक वायर आत आली होती, एवढंच. मुंबईत बऱ्याच ठिकाणी हेच आहे. नव्वदच्या दशकात ज्यांनी गच्चीगच्चीवरून वायरी टाकल्या, त्यांच्याकडे रस्ता आधीच होता. कुठल्या सोसायटीचा वॉचमन कधी झोपतो तेही त्यांना ठाऊक.

ती बारीक वायर मात्र खरंच बरी, हे कबूल करायला हवं. जुन्या केबलला वाटेत जागोजागी सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर लागायचा आणि तो कुणाच्या ना कुणाच्या विजेवर चालायचा. आमच्या लाइनीचा समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली होता. त्यांच्याकडे लाइट गेली की आमच्या लखलखीत घरात केबल बंद. पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या. नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मग मुंग्या गेल्या आणि चित्राचे चौकोन पडायला लागले. ही बारीक वायर म्हणजे फायबर. त्यात काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, त्याला गल्लीत वीज सहसा लागत नाही आणि पाण्याचंही तितकंसं वाकडं नाही. आपल्या घरात आणि त्याच्या ऑफिसात लाइट असली की झालं.

आता दुसरा प्रश्न. लाइव्ह दिसतं का?

दिसतं, पण शिळं. किती शिळं ते २९ जून २०२४ च्या रात्री कळलं. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये सोळा हवेत, समोर मिलर. आमच्या टीव्हीवर हार्दिक पांड्या चेंडू पुसत उभा आहे, रोहित फिल्डरना हात करून सांगतोय. आणि खालून, तळमजल्यावरच्या काकांच्या घरातून, असा काही गलका उठला की पारव्यांची झोप मोडली. त्यांच्याकडे केबल. आमच्याकडे हार्दिक अजून उभाच. माझा मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून "नको, नको" म्हणत स्वयंपाकघरात पळाला. सासूबाईंनी जपाची माळ बाजूला ठेवली. "घाबरू नका," त्या शांतपणे म्हणाल्या, "काहीतरी चांगलं झालंय." मग हार्दिक धावला, मिलरने चेंडू उचलला, आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला, चेंडू आत उडवून, स्वतः बाहेर जाऊन, परत आत येऊन. जगातल्या बहुतेकांनी तो श्वास रोखून पाहिला असेल. आम्ही तो सत्यनारायणाच्या कथेसारखा पाहिला, शेवट माहीत असलेला.

असं का होतं, हे मला पाण्याच्या टाकीवरून समजलं. केबल म्हणजे पालिकेच्या लाइनीवरचा थेट नळ, पाणी आलं की आलं. अ‍ॅपवर मॅचचे आधी काही-काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा चांगल्या, मध्यम, साध्या अशा निरनिराळ्या दर्जांत तयार करतात, मग तो ठिकठिकाणच्या सर्व्हरवर जातो, आणि आपला टीव्ही दोन-तीन तुकडे साठले की मगच दाखवायला लागतो. खालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, मग नळ. मध्ये नेट जरा अडखळलं तरी चित्र थांबत नाही, ते या साठ्यामुळे. साठाही संपला की ते गोल चक्र फिरायला लागतं. सगळं मिळून वीस-तीस सेकंद सहज मागे पडतो माणूस. बातम्यांना काय फरक पडतो? काही नाही. निवडणुकीच्या निकालालाही नाही. क्रिकेट बघणाऱ्यांनी मात्र आधी शेजाऱ्यांकडे काय आहे त्याची चौकशी करावी.

मालिकांचं नेमकं उलटं. पैसे भरणाऱ्यांना काही अ‍ॅपवर रात्रीचा एपिसोड सकाळीच दिसतो, टीव्हीवर लागायच्या आधी. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये आता काळ फुटला आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी सकाळी सातला, डबे भरताना, मोबाइल कुकरला टेकवून बघतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू साडेआठला केबलवर. आमच्याकडे कधी वेळ होईल तेव्हा. पूर्वी रात्री साडेआठला जिना चढताना एका दारातलं वाक्य दुसऱ्या दारापाशी पूर्ण ऐकू यायचं, सबंध भाग जिन्यातच समजायचा. आता भाजीवाल्यापाशी बोलायची चोरी. एकदा वहिनी सहज म्हणाल्या, "गेला हो तो बिचारा," आणि काकू तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे तो अजून आयसीयूमध्ये होता.

माझी नणंदेची मुलगी न्यू जर्सीला असते. ती म्हणते, मामी, तिकडे यूट्यूब टीव्ही का घेत नाही? कारण इकडे ते नाही. ते आपलं नेहमीचं यूट्यूब नव्हे. अमेरिकेत हे एकच अ‍ॅप शंभराच्या वर चॅनल लाइव्ह दाखवतं, हवं ते रेकॉर्ड करून ठेवतं. आपल्याकडे झीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, मराठी बातम्या यूट्यूबवर फुकट. प्रत्येकाचं दुकान वेगळं. पण तिकडेही सगळं सुखाचं आहे असं नाही. २०१७ मध्ये ते महिना ३५ डॉलरला सुरू झालं, २०२५ च्या सुरुवातीला ८३ डॉलरवर गेलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी डिस्नेशी पैशांवरून वाजलं तेव्हा ईएसपीएन या खेळांच्या चॅनलसकट डिस्नेचे सगळे चॅनल दोन आठवडे गायब होते. तिने फोनवर तक्रार केली तेव्हा मला आमचा २०२३ चा काळा पडदा आठवला. भांडण केबलचं असो की अ‍ॅपचं, पडदा आपलाच काळा होतो.

आणि आता ते उरलेलं अर्धं उत्तर.

सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. केबलच्या रिमोटवर त्यांना सगळे आकडे पाठ होते, पूर्वी नातेवाइकांचे फोन नंबर असायचे तसे. अ‍ॅपमध्ये आकडे नाहीत, चित्रं आहेत, आणि ती रोज जागा बदलतात. टीव्ही लावला की तो विचारतो, कोण बघतंय? खाली आमची चौघांची नावं. त्या मोठ्याने सांगायच्या, "मीच. दुसरं कोण आहे घरात?" आणि वाट बघायच्या. मला आधी हसू यायचं.

मग एका दुपारी अ‍ॅप आपणहून लॉगआउट झालं. परत आत शिरायला ओटीपी हवा आणि तो येणार नवऱ्याच्या मोबाइलवर. नवरा बीकेसीत मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. मी साडेसातला घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली, घरात अंधार. त्या टीव्हीसमोर खुर्चीत बसलेल्या, मांडीवर रिमोट, आणि पडद्यावर सहा रिकामे चौकोन. "आकडे मागतोय," त्या म्हणाल्या. "मी आपले जुने सगळे घालून बघितले."

सहा चौकोनांत त्यांनी चॅनलचे नंबर घातले होते.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन केला. मला वाटलं होतं तो टोमणा मारणार, पण तो म्हणाला, वहिनी, जुनी केबल कशाला, नेटच्या वायरीवरच बॉक्स देतो. आयपीटीव्ही म्हणतात त्याला. नेटवरूनच येतं, पण बॉक्सला चॅनल नंबर असतात, रिमोटला बटणं असतात, लावला की लागतो, रोज कोण बघतंय ते विचारत नाही. आमच्या नेटच्या प्लॅनमध्ये शंभरेक रुपये वाढवून मिळाला. म्हणजे ते चार वडापावही गेले. अ‍ॅप आम्ही ठेवली आहेत, आमच्यापुरती. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस एकटं टीव्ही बघतं त्यांनी नेटवाल्याला सगळ्यात आधी या बॉक्सचं विचारावं. माझी अडीच वर्षं ते कळण्यात गेली.

बॉक्स लावायला तोच पोरगा आला, तक्ता घेऊन आलेला. आता मिशी आहे त्याला. सासूबाईंनी आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग नवे नंबर त्याच्याकडून कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. जाता जाता त्याने खिडकीशी लोंबणारी जुनी काळी वायर धरली आणि खिशातून पक्कड काढली.

"आजी, ही कापून टाकू का? आता काही उपयोग नाही हिचा."

"राहू दे," सासूबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या. "पावसात पायपुसणी वाळतात तिच्यावर."