पाकिटावरची तारीख

सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, सगळीकडून पोरांचे मेसेज येतात. जर्मनीत पगार किती, भाषा किती यायला लागते, घर कसं मिळतं? टपालाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. माझा इथला पहिला मुक्काम एका पाकिटापायी संपला, म्हणून आज फक्त टपालाबद्दल लिहितो.

२०१९ सालची गोष्ट. दक्षिण जर्मनीतल्या एका गावात माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. दुसरी कंपनी घ्यायला तयार होती. त्या नोकरीसाठी इथे राहायच्या परवान्याचा अर्ज परदेशी नागरिकांच्या कचेरीत दिला होता आणि उत्तराची वाट बघत होतो.

ऑगस्ट लागला आणि कृष्णा वाढायला लागली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. अण्णा आणि आई गावभागात. खालचं घर पाण्यात गेलं, दोघं शेजाऱ्यांच्या माडीवर. लाइट नाही. फोनची बॅटरी पुरवायची म्हणून दिवसातून दोनदा फोन, दोन-दोन मिनिटं. इथे रात्रीचे अडीच वाजले की तिकडे सकाळचे सहा, मी गजर लावून उठायचो आणि पहिला प्रश्न एकच, "पाणी किती पायऱ्या?" सांगलीकडे जाणारे रस्तेच पाण्याखाली होते, त्यामुळे निघूनही उपयोग नव्हता. त्या दिवसांत मला दुसरा कुठलाच आकडा माहीत नव्हता.

जिन्याखालच्या टपालपेटीकडे मी फिरकलोच नाही. १९ ऑगस्टला उघडली, तर सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक पिवळं पाकीट. आत परवाना नाकारल्याचं पत्र. शेवटच्या पानावर लिहिलेलं की पत्र पोचल्यापासून एक महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येईल. तिला इथे विडरश्प्रुख म्हणतात. मी कॅलेंडरवर १९ सप्टेंबरला गोल केला.

त्या पाकिटाच्या दर्शनी बाजूला एक छोटी चौकट होती. तिच्यात बॉलपेनने तारीख, ०७.०८.१९, आणि शेजारी पोस्टमनची सही. मी ती वाचली होती. पोस्टाची काहीतरी नोंद असेल असं वाटलं. आपल्याकडे रजिस्टर आलं की पोस्टमन हाक मारायचा, सही घ्यायचा, घरात कुणी नसेल तर परत घेऊन जायचा. कागद आपल्या हातात पडला तो दिवस खरा, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की दुसरा काही विचारच आला नाही. पिवळ्या पाकिटाचं तसं नसतं. पोस्टमनने ते पेटीत टाकून वर तारीख घातली, की कायद्याने ते तुम्हाला मिळालं. तुम्ही गावाला असा, आजारी असा, पेटी उघडा नाहीतर उघडू नका.

चार आठवडे मी हरकत चांगली व्हावी म्हणून घालवले. कंपनीने माझ्या पदाचं वर्णन मोघम दिलं होतं, त्यामुळे काम पदवीच्या दर्जाचं नाही असं कचेरीने ठरवलं होतं. कंपनीकडून नवीन पत्र मिळवलं, पदवीच्या कागदांची भाषांतरं पुन्हा करून घेतली. १६ सप्टेंबरला सगळं रजिस्टरने पाठवलं.

उत्तर आलं, हरकत मुदतीबाहेर आहे. ७ ऑगस्टपासून महिना ७ सप्टेंबरला भरत होता. तो शनिवार, म्हणून मुदत सोमवारी, ९ तारखेला संपली. गणपतीचे दिवस होते ते. मी कंपनीच्या पत्राची वाट बघत बसलो होतो.

स्वतःची चूक नसताना मुदत हुकली, तर ती पुन्हा मिळावी म्हणून अर्ज करता येतो. अडचण दूर झाल्यापासून दोन आठवड्यांत तो करायचा, आणि जे करायचं राहिलं होतं तेही त्याच मुदतीत करायचं. मी पुराचं सगळं लिहिलं, फोटो जोडले. त्यांचं म्हणणं, १९ ऑगस्टला पत्र हातात होतं, पाकिटावर तारीख होती आणि त्यानंतरही तीन आठवडे होते. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी माझ्या शिक्षणाला साजेशी होती की नव्हती, हे शेवटपर्यंत कुणी बघितलंच नाही. त्याचं दुःख मला अजून आहे.

नोव्हेंबरमध्ये सांगलीला परतलो तेव्हा घराच्या भिंतीवर पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. अण्णांना खरं सांगायला मला चार दिवस लागले. ते एवढंच म्हणाले, "आम्ही वर होतो रे, सुखरूप होतो. तू तुझं बघायचंस."

२०२१ मध्ये मुंबईहून नवीन व्हिसा काढून परत आलो.

म्हणून पोरांनो, पाकीट टाकू नका. पत्राला टाचणीने लावून ठेवा. साध्या टपालाने आलेलं पत्र पाठवल्याच्या चौथ्या दिवशी पोचलं असं धरतात. २०२५ च्या आधी तिसऱ्या दिवशी धरायचे. हरकत दोन ओळींची चालते, फक्त जर्मनमध्ये आणि सहीनिशी हवी. कारणं मागून देतो असं लिहिता येतं, आणि मला हेच कुणी सांगितलं नव्हतं. साधा ईमेल चालत नाही. आणि हरकत दिली म्हणजे राहायचा हक्क आपोआप टिकला असं नाही, त्यासाठी कोर्टात वेगळा तातडीचा अर्ज लागतो, तेव्हा वकील त्याच आठवड्यात गाठा. बव्हेरियात तर हरकतीचा टप्पाच नाही, महिन्याच्या आत थेट प्रशासकीय न्यायालय. तिकडे मुंबईत व्हिसा नाकारला गेला तरी १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचार मागता येत नाही, बर्लिनच्या कोर्टात दावा लावावा लागतो.

मागच्या महिन्यात मिरजेच्या एका मुलाने असंच नकाराचं पत्र फोटो काढून पाठवलं. मी म्हटलं, पाकिटाचा फोटो पाठव. ते त्याने रद्दीत टाकलं होतं. खाली जाऊन कागदाच्या डब्यात हात घालून त्याने शोधून काढलं. चौकटीतल्या तारखेवरून हिशेब केला, दोन दिवस उरले होते. फोनवरच दोन ओळी जर्मनमध्ये लिहून काढल्या, त्याने सही केली आणि रात्री साडेअकराला सायकलवर जाऊन कचेरीच्या पेटीत टाकून आला. टाकतानाचा व्हिडिओ मला पाठवलाय.