विक्रोळीला मान वर का केली?

माझी पहिली कथा घरात सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांना आवडली. नवरा म्हणाला, "छान लिहिलंयस." सासूबाईंनी डोळे पुसले. बहिणीने ती नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, आणि संध्याकाळपर्यंत तिथे जोडलेले हात आणि पुष्पगुच्छ यांची रांग लागली. आनंदाने मला रात्रभर झोप आली नाही. पण दुसऱ्या दिवशी कथा उघडून बसले, तर तिचं पुढे काय करायचं ते कालच्याइतकंच कळत नव्हतं. कुठलं वाक्य काढू? कुठला प्रसंग वाढवू? एवढ्या कौतुकात त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

मी राहते मुलुंडला, नोकरी फोर्टात. कथा होती गिरगावातल्या चाळीतल्या पागडीच्या खोलीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाडेहक्काने घेतलेल्या खोलीची. आई गेली आहे. थोरली मुलगी लग्न न करता आईजवळ राहिलेली, धाकटी डोंबिवलीला दिलेली. चाळ पुनर्विकासाला जाणार म्हटल्यावर खोली विकून पैसे वाटून घ्यायचे की नाही, यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. सगळे मिळून ३,२०० शब्द.

मे महिन्यात ती एका दिवाळी अंकाला पाठवली. दिवाळी आली, अंकही आला. कथा नव्हती, उत्तरही नव्हतं. मला फार लागलं ते. नकार पचला असता, पण न बोलणं पचेना.

त्या दिवसांत मी दर शनिवारी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसत असे. १८९८ सालची ही संस्था. तिथे जुनी मासिकं चाळता चाळता माझं मन जरा निवळलं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा या अंकांच्या आधाराने वाढत आली. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना पत्रं लिहीत, कथेत कुठे काय खटकलं ते कळवत, पुन्हा लिहून मागवत. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली. आज कचेरी सांभाळून अंक काढणाऱ्या संपादकाने कथांच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला असं पत्र लिहावं, ही अपेक्षा मी सोडून दिली. पण तसं पत्र आपल्याला हवंच आहे, हे मनाशी पक्कं झालं. ते कुणाकडून मिळवायचं, एवढाच प्रश्न होता.

दादरलाच दर महिन्याला दहाबारा जण जमतात आणि एकेकाची कथा वाचली जाते, असं कळलं. गेले. माझी कथा वाचून झाल्यावर तासभर चर्चा झाली. धाकटीला इतकी वाईट दाखवू नका. शेवटी दोघींना एकत्र आणा. सुरुवात आईच्या मरणापासून करा. बँकेतला प्रसंग वाढवा. बँकेतला प्रसंग काढून टाका. बँकेत दोघींना बोलतं करा. माणसं मनापासून सांगत होती, मीही सगळं मनापासून उतरवून घेतलं आणि पुढचे तीन आठवडे एकेक सूचना पाळत कथा पुन्हा लिहिली. वाचली तर ती कुणाचीच राहिली नव्हती. प्रत्येकाने तिथे आपापली कथा सांगितली होती आणि मी ती सगळ्यांची ठिगळं जोडून बसले होते.

वही फेकणार होते. पण त्याआधी एका पानावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं वाचणाऱ्याला काय झालं, उजवीकडे त्याने काय उपाय सांगितला. उजवा रकाना म्हणजे नुसता गोंधळ. डावा मात्र बघतच राहिले. वाढवा म्हणणारा, काढा म्हणणारा आणि बोलतं करा म्हणणारा, तिघेही बँकेतल्या त्याच पानावर अडखळले होते. उपाय तिघांचे तीन, दुखणं एका जागी. तेव्हापासून मी जागा वाचकाला विचारते आणि उपाय स्वतः शोधते.

मग प्रश्न बदलला. "कशी वाटली?" असं विचारलं की समोरच्याला "छान"च म्हणावं लागतं, त्यात त्याचा दोष नाही. सकाळची आमची ठाण्याहून सुटणारी स्लो गाडी. माझी गाडीतली मैत्रीण ठाण्यालाच चढते, तिला बसायला मिळतं. ती लेखिका नाही, पण भरपूर वाचते, आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलणाऱ्यांतली ती नाही. तिच्या हातात कथेचे कागद दिले आणि पेन्सिल. म्हटलं, "सुचवू काही नकोस. वाचताना जिथे मान वर करून बाहेर बघशील तिथे फुली मार. जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागेल तिथे गोल कर. बस्स."

मुलुंड सुटलं तशी ती वाचायला लागली. मी तिच्या डोक्यावरची कडी धरून उभी, आणि तिच्याकडे बघायचं नाही म्हणून दाराकडे तोंड करून. कुर्ला यायच्या आत तिचं वाचून झालं.

"विक्रोळीला मान वर केली," ती म्हणाली. "पान सहा."

"का गं?"

"ते मला नाही सांगता यायचं. कंटाळा नाही आला. पण डोळ्यांसमोरून दोघी बहिणी गेल्या एवढं खरं."

पान सहावर चाळीच्या गॅलरीचं वर्णन होतं. वाळत घातलेल्या साड्या, तुळशीचा डबा, लाकडी कठड्याला पडलेले खड्डे. सगळ्या कथेत माझं सर्वांत लाडकं पान. त्या अख्ख्या पानात थोरली नव्हती, धाकटी नव्हती, होते ते फक्त माझे शब्द. कठडा ठेवला, कारण आईचा हात त्यावर टेकलेला असायचा. बाकीचं काढलं. काढताना जीव तुटला, पण त्यानंतर त्या जागेवर कुणाचीही फुली आलेली नाही.

आणि मग आमच्या इमारतीतले चौथ्या मजल्यावरचे काका. त्यांची हयात एका घरमालकाकडे भाडेवसुलीत गेली. कथाबिथा वाचायची त्यांना सवय नाही, म्हणून मी संकोचत होते. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि कागद खाली ठेवले.

"अगं, पागडीची खोली अशी विकतात होय? खोली भाडेकरूची असते का?"

"मग?"

"भाडेकरू हक्क देतो. मालकाची संमती लागते, त्याचा वाटा लागतो, बहुतेक ठिकाणी तिसरा हिस्सा. ते राहू दे. भाड्याची पावती कुणाच्या नावावर होती?"

"आईच्या."

"आणि आई गेली तेव्हा तिच्याबरोबर कोण राहत होतं?"

मी म्हटलं, थोरली. काका म्हणाले, मग भांडण कसलं? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे राहत्या घराचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा भाडेहक्कावर पहिला अधिकार. तसं कुणी नसलं, तरच इतर वारसांचा प्रश्न येतो. डोंबिवलीच्या मुलीला वाटा द्यायचा की नाही हे थोरलीच्या मनावर, पावती तिच्याच नावावर होणार.

जिना उतरताना माझे पाय थरथरत होते. माझी अख्खी कथा चुकीच्या पायावर उभी होती. पण त्यांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. आई गेली तेव्हा तिच्याबरोबर कोण राहत होतं? रात्री दोन वाजता उठून मी लिहिलं की शेवटचे चार महिने धाकटीने आईला उपचारांसाठी डोंबिवलीला नेलं होतं आणि आई तिथेच गेली. थोरली गिरगावच्या खोलीत एकटी, आईचं रेशनकार्ड आणि औषधांचा डबा सांभाळत. आता आई कुणाजवळ राहत होती? कायदा जे विचारत होता तेच दोघी बहिणी एकमेकींना विचारत होत्या, आणि पैशांचं नाव आपोआप मागे पडलं. साहित्यातला एकही शब्द न उच्चारता काकांनी मला माझी कथा दिली. म्हणून मी प्रत्येक नव्याने लिहिणाऱ्याला कळवळून सांगते, तुमच्या कथेतलं जग जो जगलाय, त्याला ती वाचायला द्या.

दादरच्या त्या बैठकीत भेटलेल्या एका तरुण मुलाशी मी कथांची अदलाबदल सुरू केली. आमचा एकच नियम. आधी दोन ओळींत लिहायचं, "तुझी कथा मला अशी कळली." त्याच्या पहिल्या कथेवर मी लिहिलं की ही रागाची कथा आहे. त्याला वाटत होतं तो प्रेमाची कथा लिहितोय. तो दोन दिवस बोलला नाही, मग फोन करून म्हणाला, "ताई, तिसरं पान बघितलं. राग आहेच तिथे." त्याच्या कथेत न दाखवता सांगून टाकलेली वाक्यं मला चटकन दिसायला लागली, आणि तीच डोळ्यांची सवय घेऊन मी माझ्या कथेकडे वळले.

मोबाइलवर कथा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून भाजी निवडताना ऐकणं, हे मात्र कुणाच्याही मदतीशिवाय जमलं. दोघी बहिणी अगदी एकसारखं बोलत होत्या, हे कानांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

एका खर्ड्याला तीनच वाचक, आणि पुढच्या खर्ड्याला निदान एक तरी नवा. ज्याला शेवट माहीत आहे त्याला तो पुन्हा न कळल्यासारखा वाचता येत नाही. दिवाळी अंकांकडे कथा जून-जुलैपर्यंत जावी लागते, म्हणून कागद वाचकांच्या हाती फेब्रुवारीत.

पुढच्या वर्षी ती कथा दुसऱ्या एका अंकाकडे गेली आणि ऑगस्टमध्ये संपादकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. कथा घेत आहोत. शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं 'तिला आता सगळं कळलं' हे वाक्य काढावं का, वाचकाला ते आधीच कळलेलं असतं. ते उत्तर मी छापून वहीत चिकटवलंय, डाव्या रकान्यात.

अंक हाती आला त्या सोमवारी तो गाडीत मैत्रिणीला दिला. तिने पर्स उघडून पेन्सिल काढली.

"अगं, छापून आलीय आता."

"मग काय झालं?" ती म्हणाली आणि वाचायला लागली.

भांडुप गेलं, विक्रोळी गेलं. घाटकोपर सुटल्यावर तिने एका ओळीखाली बारीकशी फुली मारली. ती ओळ मी अजून बदलून बघते आहे.