तुम्ही विचारलंत म्हणून: हा तुडतुडा नवीन जातीचा आहे का?

द्राक्षाची गोडी छाटणी होऊन वेली फुटल्या की निफाड-दिंडोरीकडून तुडतुड्याबद्दल, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या बारीक कीटकाबद्दल, हा प्रश्न हमखास येतो. "पानाखाली तुडतुडा सापडलाय, पण नेहमीचा नाही. रंग फिका, ठिपके नाहीत. नवीन जात असेल का? आणि असली तर नाव कोण देतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. शेवटची कात टाकून नुकताच बाहेर पडलेला प्रौढ फिकाच दिसतो. ठिपके मागाहून उठतात. भेंडी-कपाशीवरचा अम्रास्का बिगुटुला द्राक्षावरही येतो. त्याच्या नावातच दोन ठिपके आहेत, तरी ते कधी ठळक असतात, कधी जेमतेम दिसतात. पंख न फुटलेली पिल्लं आणली तर त्यांच्यावरून जात सांगणं जवळजवळ अशक्यच.

शिवाय आपली भाषाही इथे घोटाळा करते. इगतपुरीच्या भातावरचा हिरवा तो तुडतुडा आणि बुंध्याशी बसणारा तपकिरी तोही तुडतुडाच म्हणायचा, पण दोघांची कुळं वेगळी. भिंगातून मागच्या पायाची पोटरी बघा. लांबीभर काट्यांच्या ओळी असतील तर तो खरा तुडतुडा. पोटरीच्या टोकाला एकच मोठी, हलणारी आर असेल तर तो दुसऱ्या कुळातला.

एवढं झाल्यावर रंग विसरायचा आणि नर शोधायचा. जगात तुडतुड्यांच्या वीस हजारांवर जातींना नावं मिळालेली आहेत, आणि त्यातल्या कितीतरी बाहेरून एकसारख्या दिसतात. त्या वेगळ्या ओळखू येतात नराच्या जननेंद्रियांवरून. नुसती मादी मिळाली तर बहुतेक वेळा काम तिथेच थांबतं.

नराच्या पोटाचा भाग सुईने अलगद सोडवून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. रात्रभर तसाच, किंवा घाई असेल तर गरम पाण्यात नळी धरून काही मिनिटं. मांस विरघळतं, कायटिनचा सांगाडा उरतो. तो पाण्याने धुवायचा, थेंबभर ॲसेटिक ॲसिडने पोटॅश मारायचा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बघायचं काय, तर पिगोफर (पोटाच्या टोकाचं कवच), खालच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंच्या स्टाइल (बारीक दांड्या), त्यांना जोडणारा दुवा आणि मुख्य म्हणजे शिश्न: त्याचा बाक, टोकाचे फाटे, छिद्र नेमकं कुठे आहे. इथे हात घाईचा असेल तर काम बिघडतं. द्रावणात जास्त वेळ राहिलं तर सगळं काचेसारखं पारदर्शक होऊन कडाच दिसत नाहीत. कमी वेळ राहिलं तर स्नायू चिकटलेले राहतात. आणि वरून काच दाबली की शिश्न आडवं पडतं, मग तेच इंद्रिय वेगळ्याच आकाराचं वाटतं. म्हणून चित्र बाजूने आणि मागून, दोन्हीकडून काढतात. काम झालं की तुकडा ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून त्याच कीटकाच्या टाचणीला लावायचा. सुटा ठेवला की कोणता तुकडा कोणाचा, हे कोणीच सांगू शकत नाही.

आकार वेगळा दिसला तरी लगेच हुरळायचं नाही. युसेलिस या युरोपी तुडतुड्यात दिवसाच्या लांबीप्रमाणे शिश्नाचा आकार बदलतो. वेगळ्या जाती समजून नावं दिलेले कीटक एकाच जातीची वसंतातली आणि उन्हाळ्यातली रूपं निघाली. परजीवी माशीची अळी पोटात वाढलेल्या नराची इंद्रियंही बिघडलेली असतात. एका नरावर नवी जात उभी करू नये, ती यासाठी. दहा-पंधरा नर हवेत आणि फरक सगळ्यांत तोच हवा.

यानंतर लागतो खरा वेळ. त्या प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या, प्रत्येक नाव मिळालेल्या जातीशी ताडून बघावं लागतं, आणि जुनी वर्णनं त्रोटक असतात. भातावरच्या हिरव्या तुडतुड्याला कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी १९०८ साली व्हायरेसेन्स म्हटलं. १९६४ मध्ये त्यालाच इम्पिक्टिसेप्स हे दुसरं नाव मिळालं. जुने मूळ नमुने तपासल्यावर दोन्ही एकच ठरले आणि आधीचं नाव राहिलं. डीएनए बारकोडचे साडेसहाशे अक्षरांचे तुकडे जुळवून बघण्याचा उपयोग होतो, मादी आणि पिल्लं नराशी जोडायला तर फारच. पण शंभर वर्षांपूर्वीच्या टाचणीवरच्या नमुन्याचा डीएनए सहसा हाताशी नसतो.

फरक टिकला तर एक नर 'होलोटाइप', म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून निवडतात, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला हे लेखात लिहावंच लागतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे नव्या जातीची माहिती ठरवून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. नाव वर्णन करणारा देतो. गावावरून देता येतं, जसं आंब्यावरच्या इडिओस्कोपस नागपुरेन्सिसला मिळालं. स्वतःचं नाव देणं मात्र शिष्टाचारात बसत नाही. आणि वर्णनाशिवाय पेपरात नुसतं नाव छापून आलं तर शास्त्रात त्याला 'नागडं नाव' म्हणतात. त्याला काही किंमत नसते.

तेव्हा तुमच्याकडून एवढंच हवं. पिवळ्या चिकट सापळ्यावरचे तुडतुडे आणू नका. डिंक सोडवताना पाय आणि काटे तुटून जातात. हातजाळी वेलीवर फिरवून किंवा तोंडाने ओढायच्या नळीने पकडा, फवारणीच्या आधी. निम्मे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घाला, निम्मे कोरडे ठेवा, कारण अल्कोहोलमध्ये हिरवा रंग पिवळा पडतो. गाव, तारीख, पीक आणि पकडणाऱ्याचं नाव कागदावर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. अंजनेरी-त्र्यंबकच्या जंगलातले पकडायचे असतील तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या.