हिरवा दिवा लागेचना : सीटबेल्टमधल्या एअरबॅगची माझी पहिली टेस्ट

मी मूळचा सांगलीचा, सध्या फ्लोरिडात एका छोट्या हँगरवर विमानं दुरुस्त करतो. लायसन हातात येऊन जेमतेम वर्ष झालेलं तेव्हाची गोष्ट. चार सीटचं एक विमान ॲन्युअलला आलेलं, म्हणजे दर 12 महिन्यांनी करावीच लागते ती तपासणी, आणि त्याच्या पुढच्या दोन्ही सीटच्या पट्ट्यांत एअरबॅग.

हो, पट्ट्यातच. घडी घालून कमरेच्या पट्ट्याच्या कव्हरमध्ये बसवलेली असते, फुगते ती माणसाच्या अंगावर नाही तर बाहेरच्या बाजूला. पट्टा जाड लागतो म्हणून पायलट लोक कुरकुरतात, ते सोडा. बाकी एक छोटा डबा, त्यात सेन्सर आणि स्वतःची बॅटरी, विमानाच्या बॅटरीशी संबंधच नाही. समोरून जोरात आपटलं की डबा सिग्नल देतो आणि हेलियमची छोटी नळकांडी बॅग फुगवते. बकलमध्ये स्विच असतो त्यामुळे पट्टा लावलेला नसेल तर काहीच होत नाही, आणि नुसतं धाडकन लँडिंग केलं म्हणून बॅग उडत नाही.

तर सगळं आवरलं, सीट परत बसवल्या, कंपनीचा टेस्टर जोडला, पट्टे लावले, बटण दाबलं. डावीकडचा दिवा हिरवा. उजवीकडचा नाहीच. परत दाबलं, बकल काढून परत लावलं, टेस्टरची बॅटरी बदलली, तरी नाही. मला वाटलं डबाच गेला, आता मालकाला काय सांगायचं, एवढ्याशा गोष्टीचं बिल बघून तो माणूस आधी मलाच फुगवेल. मग डोक्यात आलं वायर तुटलीय का बघू, मल्टिमीटर घेतला आणि सीटखाली हात घातला.

मागून आमचा म्हातारा इन्स्पेक्टर ओरडला. मीटर खाली ठेव! एवढंच. मग शांतपणे समजावलं की ओहम मोजायला मीटर स्वतः थोडा करंट सोडतो आणि नळकांडीच्या तोंडाशी जो फटाका आहे त्याला तेवढाही पुरू शकतो, म्हणून मॅन्युअल सांगेल तोच टेस्टर लावायचा, दुसरं काही नाही. माझं तोंड तर बॅगच्या समोरच होतं!

मग मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं (आधीच वाचायला हवं होतं, मान्य). टॉर्च घेऊन पालथा पडलो. सीट काढताना सोडलेला कनेक्टर मीच परत लावलेला, पण टक् आवाज येईपर्यंत दाबलाच नव्हता, अर्धवट अडकून राहिलेला. दाबला, टक्. बटण, हिरवा.

मी खूश होऊन लॉगबुक उघडलं तर म्हातारा म्हणतो तारीख बघितलीस का? कसली तारीख? टेस्टर फक्त सर्किट बघतो, नळकांडी आणि डबा दोघांनाही कॅलेंडरची मुदत असते, विमान उडो न उडो. परत पालथा. सीटच्या पाइपमागे लेबल, त्यावर धूळ, बोटाने पुसलं, वाचलं, मनात हिशोब केला.

मुदत दोन महिन्यांत संपत होती, दोन्ही सीटची. मालकाला फोन मलाच करावा लागला.