एल निघाला, आता काय लावायचं?

शिकाऊ लायसन्स असलं की गाडीला पुढे-मागे लाल एल लावायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पक्कं लायसन्स हातात पडलं की तो एल त्याच दिवशी खरवडला जातो, आणि शेजारी बसणारा मामा किंवा ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तरही त्याच दिवशी उतरतो. म्हणजे माणूस पहिल्यांदा एकटा धुळे-जळगाव हायवेला लागतो, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याला सावध करणारी खूणच उरलेली नसते. आरटीओच्या मैदानावर समोरून केळीचा ट्रक येत नाही. तो सावद्याच्या रस्त्यावर येतो. या मधल्या काळासाठी आपल्या कायद्यात कुठलीच पाटी नाही. आमचं मत असं, की पहिलं वर्षभर ती आपणहून लावावी. मात्र ती एलची नको.

एल हा नुसता 'हळू चालवतो' असं सांगणारा स्टिकर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 3 प्रमाणे एल म्हणजे चालवणारा शिकाऊ आहे आणि गाडी थांबवता येईल अशा जागी लायसन्सवाला बसला आहे. मापंही ठरलेली आहेत: पांढरी पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, लाल अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच, 2 सेंटिमीटर जाड आणि खाली 9 सेंटिमीटर रुंद. (वहीच्या पुठ्ठ्यावर लाल चिकटपट्टीचा बोटभर एल लावणाऱ्यांनी पट्टी घेऊन एकदा मोजावं.) स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. घरच्या गाडीत शेजाऱ्याच्या हाताशी फक्त मधला हँडब्रेक. पक्कं लायसन्स झाल्यावरही एल ठेवला, तर शेजारी कोणी आहे असा खोटा निरोप जातो, आणि नाक्यावर पोलिसाने 'सोबत कोण?' विचारलं तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

जपानमध्ये 1972 पासून नव्या चालकाला पहिलं वर्षभर पिवळ्या-हिरव्या पानाची खूण पुढे-मागे लावावीच लागते, तीही जमिनीपासून 40 सेंटिमीटर ते 1 मीटर 20 सेंटिमीटर उंचीच्या मध्ये. अशा गाडीला कट मारणं तिथे गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये हिरवा पी आहे, पण ऐच्छिक. आपल्याकडे यातलं कुठलंच चिन्ह कोणी ओळखणार नाही. म्हणून सरळ मराठीत 'नवीन चालक' लिहा. हौस असेल तर खाली अहिराणीत 'हात नवा शे भो' टाका, पण ते बारीक अक्षरात. वाचता यायला हवी ती वरची ओळ.

आता अक्षर किती मोठं हवं? चांगल्या नजरेला अक्षराच्या दर सेंटिमीटर उंचीमागे साधारण साडेचार-पाच मीटरवरून वाचता येतं. देवनागरीत वेलांट्या-काने असल्यामुळे चारच धरा. बाजारात मिळणाऱ्या हातभर लांब, बारक्या स्टिकरवरचं साडेतीन सेंटिमीटरचं अक्षर 14 मीटरवरून वाचता येईल. तुम्ही ताशी 40 ने चाललात आणि मागचा 80 ने आला, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला 11 मीटरने कमी होतं. 14 मीटर म्हणजे सव्वा सेकंद. तेवढ्यात तो फक्त हॉर्न दाबू शकेल. अक्षर 7 सेंटिमीटरचं केलं तर 28 मीटर, म्हणजे अडीच सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात त्याचा पाय ॲक्सिलेटरवरून उठतो. म्हणून दोन ओळी करा, वर 'नवीन', खाली 'चालक', पाटी 30 बाय 24 सेंटिमीटर. पांढऱ्यावर गडद हिरवं, अक्षराची जाडी सव्वा सेंटिमीटर. लाल रंग एलसाठी सोडा. सुलेखनाचा फॉन्ट नको, गावातल्या रेडियमवाल्याला नंबरप्लेटसारखं ठोकळेबाज अक्षर कापायला सांगा.

स्टिकर घेऊ नका, मॅग्नेट शीटवर करून घ्या. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. त्यात स्टिकरचा गोंद वितळतो, कडा उचलल्या जातात, तिथे धूळ बसते, आणि वर्षाने काढताना रंगावर डाग राहतो. मागच्या काचेवर आतून गोंदाचा स्टिकर तर नकोच. काढताना डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तारा सोबत निघतात. मॅग्नेटही आठवड्यातून एकदा काढून पत्रा आणि शीट दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर काळ्या मातीची बारीक धूळ मधे अडकून रंगावर ओरखडे पडतात. घेण्याआधी साधा फ्रिजचा मॅग्नेट डिकीला लावून पाहा. काही नव्या गाड्यांची डिकी प्लॅस्टिकची असते, तिथे काहीच चिकटत नाही. अशा वेळी गोंद नसलेली, काचेला नुसती धरून बसणारी शीट आतून खालच्या कोपऱ्यात लावा.

जागा: मागे डिकीवर, काचेच्या खाली, उजवीकडे. मागचा चालक त्याच्या गाडीत उजवीकडे बसतो आणि ओव्हरटेकही उजवीकडूनच करतो. बंपरवर लावली तर जवळ आलेल्या ट्रकवाल्याला त्याच्या उंचीवरून ती दिसतच नाही. नंबरप्लेट आणि दिवे झाकू नका. पुढची पाटी बॉनेटच्या खालच्या भागात. जाळीवर नको, रेडिएटरची हवा अडते. दुचाकीवर एवढी पाटी मावत नाही, तिथे जॅकेटच्या पाठीवर अक्षरं लावलेली बरी.

ही पाटी सगळ्यात कामाला येते ती चढावर. चाळीसगावचा कन्नड घाट, साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारी, नाहीतर शहरातला साधा उड्डाणपूल. गाडी थांबली की नवा हात ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलेटर शोधतो, तेवढ्यात गाडी हात-दोन हात मागे घरंगळते. मागे चिकटून उभा असलेला गेला. क्रम असा ठेवा: हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा, इंजिनचा आवाज जड झाला आणि नाक जरा उचललं की पाय तिथेच धरा, थोडा ॲक्सिलेटर द्या, मग हँडब्रेक सोडा. नुसत्या हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट जळते, वास आधी येतो आणि गाडी नंतर थांबते. पाटी वाचून मागच्याने एका गाडीची जागा सोडली, तर क्रम चुकला तरी नुकसान होत नाही.

'पाटी पाहून लोक जास्तच दाबतात' ही तक्रार खरी आहे. चोपडा-यावल रस्त्यावर ट्रकवाला पाटी पाहून रेंगाळत नाही, लगेच पुढे काढतो. काढू द्या. तो मागे चिकटून राहण्यापेक्षा पुढे गेलेला चांगला.

जिथे पाटीचा काडीचा उपयोग नाही, तेही सांगितलं पाहिजे. शहाद्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही. हंगामात कापसाची गाडी दोन्ही बाजूंनी फुगलेली असते, अंधारात तिची रुंदी कळत नाही. बैलगाडीला मागे रेडियम नसतं. पहिले तीन महिने या रस्त्यांवर रात्री जाऊच नका.

घरात गाडी एक आणि चालवणारे तीन असतात. अण्णा गाडी घेऊन बाजारात निघाले की पाटी काढून ठेवायची. तीस वर्षं चालवणाऱ्याच्या मागेही 'नवीन चालक' दिसू लागलं की लोक ती पाटी वाचायचं सोडतात. एलचं तेच झालं आहे. काढलेली शीट गुंडाळू नका, मग ती सपाट बसत नाही. डिकीत मॅटखाली आडवी ठेवा आणि तिच्या मागे पेनाने लायसन्सची तारीख लिहा, वर्ष कधी भरतं ते कळेल.