इन्स्पायर मानकचे दहा हजार आणि एक बंद पडलेले खाते

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवीच्या एका मुलीची कल्पना इन्स्पायर मानक या शालेय मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या पुरस्कारासाठी निवडली गेली. तो आनंद आम्हांला जेमतेम आठवडाभर लाभला; पुढचे अडीच महिने मी तालुक्याच्या एका बँकेत खेटे घालत होते आणि त्याचा राग अजून शमलेला नाही.

केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही योजना राबवतात. शाळेने ऑनलाइन नोंदणी करून पाच कल्पना पाठवायच्या असतात आणि निवड झाल्यास प्रतिकृती तयार करून जिल्हा प्रदर्शनात मांडण्यासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. नोंदणी एका दुपारी उरकली. कल्पना मात्र मुलांकडूनच येऊ द्याव्यात. ज्वालामुखीच्या देखाव्यासारखे पुस्तकी प्रकल्प पाठवण्यात अर्थ नाही. या मुलीची आई कापूस वेचायला जाते. सुकलेल्या बोंडाची टोके नखाजवळ टोचून तिच्या बोटांना रोज चिरा पडतात, हे पाहून मुलीने सायकलच्या जुन्या ट्यूबची, बोटांवर चढवायची टोपणे शिवली आणि कापसाची पकड सुटू नये म्हणून चिमटीची जागा उघडी ठेवली. वर्गात तिने ती घालून बोंड रिकामे करून दाखवले, तेव्हा मला खरोखर भरून आले.

निवडीनंतर रक्कम निघाली, पण खात्यात जमा न होता परत गेली. पाचवीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या त्या शून्य शिल्लक खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ एकही व्यवहार न झाल्यामुळे ते बँकेने निष्क्रिय केले होते. पहिल्या खेपेला ‘लिंक नाही’, म्हणजे संगणकाची जोडणी बंद आहे, म्हणून परत पाठवले. दुसऱ्या खेपेला आई वेचणी बुडवून, आधार कार्ड आणि फोटो घेऊन माझ्यासोबत आली, तर खात्यावर पालक म्हणून वडिलांचे नाव असल्याने त्यांचीच सही लागेल, असे सांगण्यात आले. वडील पुण्यात बांधकामावर असतात. येण्याजाण्यात त्यांचा तीन-चार दिवसांचा रोज बुडणार होता. तिसऱ्या खेपेला, याच बँकेच्या पुण्यातील शाखेत त्यांची केवायसी, म्हणजे ओळखीच्या कागदपत्रांची पडताळणी, होईल का, असे मी विचारले. ‘खाते जिथे, काम तिथे,’ एवढे बोलून साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावले. ती माउली बाहेरच्या पायरीवर पासबुक पदरात धरून बसली होती आणि माझ्याजवळ तिला सांगायला काही नव्हते.

त्या रात्री मी रिझर्व्ह बँकेचे निष्क्रिय खात्यांविषयीचे परिपत्रक शोधून वाचले. १ जानेवारी २०२४ च्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या परिपत्रकात स्पष्ट लिहिले आहे की, खाते पुन्हा सुरू करण्यासाठी केवायसी अद्ययावत करण्याची सोय बँकेच्या सर्व शाखांत असली पाहिजे आणि त्यासाठी शुल्क घेता येणार नाही. एवढेच नव्हे, तर शिष्यवृत्तीसाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती वेगळी ठेवून केवळ दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून ती निष्क्रिय करू नयेत, असेही त्यात आहे. म्हणजे हे खाते मुळात बंदच पडायला नको होते! चौथ्या खेपेला मी त्या ओळी अधोरेखित करून छापील प्रत लेखी अर्जासह दिली आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच मागताच आवाज बदलतो, हे कृपया लक्षात ठेवा. आठवडाभरात वडिलांची कागदपत्रे पुण्यातील शाखेत स्वीकारली गेली आणि खाते सुरू झाले.

त्यानंतर खात्याचा तपशील जिल्हा शिक्षण कार्यालयामार्फत पुन्हा पाठवावा लागला. तिथे मात्र काम तत्परतेने झाले. रक्कम जमा झाल्याचे कळले त्या दिवशी मी वर्ग अर्धवट सोडून मुलीला सांगायला धावले.

आणखी एक सांगायचे राहिले. नोंदणीत मुलाचे नाव पासबुकावर आहे अगदी तसेच लिहावे आणि पहिल्या पानाची छायाप्रत शाळेत ठेवावी. यंदा मी जूनमध्येच पाचही मुलांच्या खात्यांत प्रत्येकी दहा रुपये भरले, पासबुकांवर नोंदी छापून घेतल्या आणि मगच नोंदणीला बसले.